लिनक्सवर किकॅड

किकॅड म्हणजे आधी सर्किटची आकृती काढायची आणि मग तिच्यावरून पीसीबी (पार्ट बसवायचा तांब्याच्या ट्रॅकचा बोर्ड) बनवायचा, असं काम करणारं मुक्त सॉफ्टवेअर. ते उबुंटू, डेबियन, फेडोरा अशा लिनक्सवर टाकलं की ऑपरेटिंग सिस्टीमपासून बोर्ड छापायला फॅक्टरीत पाठवायच्या जर्बर नावाच्या फायलीपर्यंत लायसन्सचा एक रुपया लागत नाही. बनवणारे उच्चार की-कॅड करतात, आपल्याकडं बरेच जण कायकॅड म्हणतात, दोन्ही चालतंय.

मराठवाड्यात याचं काम कुणाला पडतं तर संभाजीनगर-नांदेडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना, वाळूज-चिकलठाण्याला कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त तालुक्याच्या गावी पाण्याच्या मोटारीचे स्टार्टर, ऑटो (लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारा), फेज प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटार बंद करणारा) दुरुस्त करणाऱ्यांना. या माणसांना सर्किट तोंडपाठ असतं, कुठला रिले चिकटतो, कुठला ट्रॅक जळतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, फक्त तो बोर्ड नव्यानं स्वतः काढायचं साधन हातात नव्हतं.

सुरुवात १९९२ ला फ्रान्समधे झाली, ग्रेनोबलला शिकवणाऱ्या ज्याँ-पिएर शारा यांनी हे लिहायला घेतलं. २०१३ पासून सर्न या अणुसंशोधन संस्थेनं त्यात माणसं आणि पैसा घातला, ट्रॅक ओढताना शेजारचे ट्रॅक आपोआप बाजूला सरकवणारा राउटर तिकडूनच आला. २०१९ ला प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचं ईसिम हे सर्किटचं सॉफ्टवेअर सुद्धा किकॅड आणि एनजीस्पाइस (सर्किट संगणकावर चालवून बघायचं सॉफ्टवेअर) जोडूनच बनवलंय.

किकॅडची फाइल साधी टेक्स्ट असते, कुठल्याही एडिटरमधे उघडून वाचता येते, आणि मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं. ईगल नावाचं पीसीबीचं सॉफ्टवेअर एकेकाळी सगळीकडं शिकवायचे, २०१६ ला ते ऑटोडेस्कनं विकत घेतलं आणि पुढं ७ जून २०२६ ही बंद करायची तारीख जाहीर केली, मग वर्षानुवर्षं काढलेल्या बोर्डांचं करायचं काय? किकॅड ईगलच्या फायली आत घेतं, त्यामुळं बरेच जण इकडं वळले.

इन्स्टॉल करताना लोक एकाच ठिकाणी अडकतात. उबुंटूच्या स्वतःच्या भांडारात आवृत्ती जुनी असते, २४.०४ मधे किकॅड ७ मिळतं, आणि ९ तर फेब्रुवारी २०२५ लाच आलंय. नवीन हवं तर किकॅडचा पीपीए (उबुंटूला जोडायचं वेगळं भांडार) जोडायचा नाहीतर फ्लॅटपॅकवरून (कुठल्याही लिनक्सवर चालणारं पॅकेज) घ्यायचं. जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडते पण नवीन आवृत्तीत सेव्ह केलेली जुनीत उघडत नाही, म्हणजे घरी ९ वर काम केलं आणि लॅबमधे ७ असलं की सबमिशनच्या दिवशी पोरगं रडकुंडीला येतं, म्हणून आवृत्ती आधी विचारून घ्या. थ्रीडी मॉडेलचं पॅकेज काही जीबीचं आहे, मोबाइलच्या नेटवर ते सोडून दिलं तरी बोर्ड काढायला काहीच अडत नाही, फक्त थ्रीडी चित्रात पार्ट दिसत नाहीत. लिनक्समधे पडद्यावर खिडक्या दाखवायच्या वेलँड आणि एक्स११ अशा दोन पद्धती आहेत, लॉगिन करताना वेलँडऐवजी एक्स११ निवडलेलं बरं, वेलँडवर कर्सर आणि खिडक्यांच्या तक्रारी येतात. ग्राफिक्स कार्ड फारच जुनं असेल तर कार्डाशिवाय चित्र काढणारा कैरो मोड आहे, हळू चालतो पण चालतो. आणि लाइट गेली तर? ऑटोसेव्ह आहे, शिवाय प्रोजेक्टच्या बॅकअप फोल्डरमधे झिप साठत जातात, आपल्या लोडशेडिंगच्या भागात हे फार उपयोगी पडतं.

काम करायची रीत अशी की आकृती काढायची, प्रत्येक पार्टला फूटप्रिंट (बोर्डावरचा त्याच्या पायांचा नकाशा) द्यायचा, ईआरसी म्हणजे आकृतीतल्या जोडणीची तपासणी चालवायची, मग बोर्डावर पार्ट मांडून ट्रॅक ओढायचे आणि शेवटी डीआरसी, म्हणजे बोर्डावरची अंतरं-रुंदी नियमात आहेत का याची तपासणी. घरी फेरिक क्लोराइडमधे (नको असलेलं तांबं विरघळवणारं रसायन) बोर्ड काढायचा असेल तर डिफॉल्ट ट्रॅक फार बारीक पडतो, तो निदान अर्धा-एक मिलिमीटर करा. लेझर प्रिंट १:१ मापावरच काढायची. इस्त्रीनं टोनर उतरवताना खालच्या तांब्याची प्रिंट आरसा न करता घ्यायची आणि वरच्या तांब्याची आरसा करून. हे उलटं झालं की आयसीचे पाय उलटे येतात आणि अख्खा बोर्ड वाया जातो. ड्रिलची छोटी खूण प्रिंटमधे ठेवली तर भोक मधोमध पडतं.

स्टार्टरचा बोर्ड असेल तर मात्र घाई नको. तीन फेजमधे ४१५ व्होल्ट असतात आणि त्याच बोर्डावर १२ व्होल्टचा रिले आणि मायक्रोकंट्रोलर बसवायचा असतो, म्हणून मेन लाइनच्या ट्रॅकसाठी वेगळा नेट क्लास (ट्रॅकच्या गटाचे वेगळे नियम) करून क्लिअरन्स म्हणजे ट्रॅकमधलं अंतर वाढवायचं. मेन आणि कमी व्होल्टच्या बाजूत निदान ६ मिलिमीटर तरी सोडा, आणि रिलेखाली बोर्डाच्या कडेच्या लेयरवर फट काढून ठेवा, स्टार्टरच्या पेटीत धूळ आणि ओल दोन्ही जातात आणि तिथूनच स्पार्क धरतो. ट्रॅक किती रुंद हवा हे आतल्या कॅल्क्युलेटरमधे अँपिअर टाकून बघता येतं, साध्या बोर्डाचं तांबं ३५ मायक्रॉन धरायचं.

आवृत्ती ७ पासून सिस्टीममधले फॉन्ट बोर्डावर वापरता येतात, म्हणजे लोहित देवनागरी हा फॉन्ट टाकला की टर्मिनलशेजारी ‘मोटार’, ‘फेज’, ‘ऑटो’ असं सरळ मराठीत छापता येतं. अक्षरं इंग्रजीपेक्षा मोठी ठेवा, दोन-अडीच मिलिमीटर तरी, नाहीतर मात्रा आणि रफार छपाईत बुजून जातात.