घनवाद आणि भविष्यवाद: हलतंय कोण, एवढं पाहा

आधुनिक चित्रकला नव्याने पाहू लागलेल्या माणसाची एका ठिकाणी हमखास गल्लत होते. समोर १९१२च्या आसपासचं चित्र असतं. आकार फुटलेले, रेषा एकमेकींना कापत गेलेल्या, माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते याचा पत्ता नाही. शेजारच्या पाटीवर कधी ‘घनवाद’ म्हणजे क्युबिझम लिहिलेलं असतं, कधी ‘भविष्यवाद’ म्हणजे फ्युचरिझम. दोन्ही सारखंच तर दिसतंय, असं वाटतं. तसं वाटण्यात पाहणाऱ्याची चूक नाही. सारखं दिसण्यामागे खरोखरच एक घडलेली गोष्ट आहे, तिच्याकडे पुढे येतो.

आधी खूण सांगतो. चित्रासमोर उभं राहून एवढंच विचारायचं: इथे हलतंय कोण? घनवादी चित्रात वस्तू जागची हलत नाही. टेबल, गिटार, बाटली, खुर्चीत बसलेला माणूस, सगळं निवांत आहे. फिरतोय तो चित्रकार. समोरून पाहिलेलं, बाजूने पाहिलेलं, वरून पाहिलेलं तो एकाच कॅनव्हासवर मांडतो. भविष्यवादी चित्रात पाहणारा एका जागी उभा असला तरी चालतो, कारण धावते ती वस्तू. घोडा, मोटार, गर्दी, रेल्वे.

हा फरक केवळ शैलीचा नाही. दोन्ही चळवळी वेगळ्या शहरांत, वेगळ्या गरजांतून उभ्या राहिल्या.

पॅरिसपासून सुरुवात करू. १८३९मध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली आणि पुढच्या काही दशकांत हुबेहूब चेहरा टिपण्याचं काम कॅमेऱ्याने चित्रकाराच्या हातून काढून घेतलं. पण कॅमेरा एकाच डोळ्याने, एकाच जागेवरून, एकाच क्षणी पाहतो. पंधराव्या शतकापासून युरोपीय चित्रकलेने जपलेलं यथार्थदर्शनही, म्हणजे एका ठरावीक जागेवरून दिसेल तशी खोली आणि अंतर दाखवण्याची रीतही, तेच करत होती. मग ज्या कामात यंत्र तरबेज आहे ते पुन्हा हाताने कशाला करायचं? १९०७मध्ये सेझान या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांचं मोठं स्मृतिप्रदर्शन पॅरिसमध्ये भरलं. टेबलाची कड एका बाजूला एका उंचीवर, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच, असं त्याने बिनदिक्कत रंगवलेलं तरुण चित्रकारांनी पाहिलं. वसाहतींमधून आणलेले आफ्रिकी मुखवटे पिकासोने पॅरिसच्या संग्रहालयात पाहिले तेही याच काळात. पुढच्या वर्षी पिकासोचा साथीदार ब्राक याची चित्रं कानवायलरच्या दालनात लागली, एका समीक्षकाने त्यांतल्या ‘घनां’चा उल्लेख केला आणि नाव चिकटलं.

या कानवायलरचा वाटा मला फार मोठा वाटतो. तो तरुण चित्रविक्रेता पिकासो आणि ब्राक यांची चित्रं घेत असे. त्यामुळे सरकारी किंवा सार्वजनिक प्रदर्शनांत गर्दीचं लक्ष वेधण्याची गरज या दोघांना उरली नाही. घनवाद शांत, तपकिरी-करडा आणि लहान आकाराचा राहू शकला, त्यामागे कलाबाजाराची ही नवी व्यवस्था होती.

इटलीत मिलानमधल्या भविष्यवादी तरुणांना असा आधार नव्हता. त्यांनी वर्तमानपत्र धरलं. भविष्यवादाचा प्रवर्तक, कवी मारिनेत्ती याचा जाहीरनामा २० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या दैनिकाच्या पहिल्या पानावर झळकला. गर्जत धावणारी मोटार प्राचीन ग्रीक विजयदेवतेच्या पुतळ्यापेक्षा सुंदर आहे, असं त्याने लिहिलं. संग्रहालयं नष्ट करू म्हणाला, युद्धाचा गौरव केला. इटलीत कारखानदारी उशिरा आली आणि उत्तरेच्या शहरांत झपाट्याने वाढली. एकीकडे रोमच्या अवशेषांचं ओझं, दुसरीकडे विजेचे दिवे आणि धुराडी. त्या ताणातून हा आवाज चढला. भविष्यवादी चित्रकार बोच्चोनीचं ‘शहर उभं राहतंय’ हे १९१०चं चित्र सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे. बांधकामावरचा लालभडक घोडा उधळलाय आणि त्याला आवरणारी माणसं रंगाच्या लोटात वाहून चाललीत.

आता पिकासोचं १९१२चं ‘वेताच्या खुर्चीसह स्थिरचित्र’ पाहा. जेमतेम २९ बाय ३७ सेंटिमीटरचा लंबगोल. पेला, सुरी, लिंबाची फोड असं टेबलावरचं काहीबाही रंगवलेलं. वर तीन अक्षरं, फ्रेंच वर्तमानपत्राच्या नावातली पहिली. खाली खुर्चीचं वेताचं विणकाम दिसतं आणि क्षणभर वाटतं, काय सफाईने रंगवलंय! जवळ गेलं की कळतं, ते रंगवलेलंच नाही. विणकामाचं छापील चित्र असलेलं मेणकापड तिथे चिकटवलंय. चौकटीच्या जागी चक्क दोरखंड गुंडाळलाय. त्याच वर्षी ब्राकने लाकडाची नक्कल छापलेला भिंतीचा कागद कापून चित्रात चिकटवला. घरं रंगवण्याच्या धंद्याचं शिक्षण त्याने घेतलं होतं, त्यामुळे अशा नकला त्याला नवख्या नव्हत्या.

मला या विषयात सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट इथे आहे. यंत्रयुगाची कला म्हटलं की लोक भविष्यवादाचं नाव घेतात, कारण चित्रात यंत्र दिसतं. पण भविष्यवाद्यांनी मोटार रंगवली ती तैलरंगाने, कुंचल्याने, जुन्याच पद्धतीने. घनवादी चित्रात यंत्र क्वचितच दिसतं, मात्र कारखान्यात छापलेला माल कागद-कापडाच्या रूपात थेट चित्रात येऊन बसतो. यंत्राने चित्राचा विषय बदलणं आणि यंत्राने चित्र बनवण्याची रीत बदलणं, या दोन वेगळ्या घटना आहेत. दुसरी जास्त खोलवर गेली, असं माझं मत आहे.

भविष्यवादाने छायाचित्रणाकडून घेतलं ते मात्र घनवादाच्या अगदी उलट. छायाचित्रकार मायब्रिजने १८७८मध्ये दौडणाऱ्या घोड्याच्या छायाचित्रांची मालिका टिपली. फ्रेंच शास्त्रज्ञ मारेने १८८२मध्ये सेकंदाला बारा प्रतिमा घेणारी बंदुकीच्या आकाराची छायाचित्रण-यंत्रणा बनवली. त्यानंतर धावणाऱ्या घोड्याला चार पाय नसून वीस असतात, असं भविष्यवादी चित्रकारांनी १९१०च्या जाहीरनाम्यात लिहिलं. भविष्यवादी बाल्लाच्या १९१२च्या चित्रात साखळीला बांधलेला काळा कुत्रा तुरुतुरु चाललाय. पायांचा नुसता पंखा झालाय, साखळीच्या चार कमानी दिसतात, मालकिणीची पावलंही एकात एक मिसळलीत. इथे गोंधळ होण्याचं कारणच नाही.

गोंधळ होतो तो बोच्चोनीच्या ‘मनोवस्था’ या रेल्वे स्टेशनवरच्या तीन चित्रांपाशी. १९११मध्ये त्याने ती एकदा रंगवली: लाटांसारख्या वळणदार रेषा, भावनेचा नुसता प्रवाह. त्याच शरद ऋतूत तो पॅरिसला गेला, घनवादी चित्रं पाहिली, आणि परत येऊन तिन्ही चित्रं नव्याने केली. त्यांतल्या ‘निरोप’ या चित्राच्या दुसऱ्या रूपात इंजिन घनवादी पैलूंमध्ये फुटलंय आणि बरोबर मध्यभागी ६९४३ हा आकडा ठसठशीत बसलाय. चित्रात छापील अक्षरं-आकडे ही ब्राकची रीत. पण इंजिनाभोवती हिरवट रंगात मिठी मारलेली जोडपी पुन्हापुन्हा दिसतात आणि वाफेच्या लोटात सरकत जातात. व्याकरण पॅरिसचं आणि वाक्य मिलानचं. दोन्ही चळवळी सारख्या दिसतात त्या या उसनवारीपासून.

फ्रेंच चित्रकार द्युशांच्या ‘जिना उतरणारी विवस्त्रा’ या १९१२च्या चित्राने तर पॅरिसच्या घनवाद्यांनाच पेचात टाकलं. रंग त्यांचेच, तपकिरी. पण आकृती पायरीमागून पायरी उतरतेय. हे आपलं नव्हे असं त्यांना वाटलं, निदान नाव बदलावं असा निरोप त्यांनी द्युशांच्या भावांकरवी पाठवला आणि त्याने चित्र प्रदर्शनातून काढून घेतलं. ‘हलतंय कोण’ हा प्रश्न त्यांनीही लावलाच होता, फक्त उत्तर त्यांना रुचलं नाही.

मग पहिलं महायुद्ध आलं. भविष्यवाद्यांनी ते मागूनच घेतलं होतं. बोच्चोनी १९१६मध्ये लष्करी सरावात घोड्यावरून पडून मरण पावला, मारिनेत्ती पुढे फॅसिस्टांच्या जवळ गेला. ब्राकच्या डोक्याला १९१५मध्ये आघाडीवर गंभीर जखम झाली, कवटीवर शस्त्रक्रिया करावी लागली. १९१७मध्ये तो पुन्हा चित्रं काढू लागला. टेबल, पेला, गिटार.