सुकट, चिंच आणि मिरची: अवघड ताटासोबतची वाइन

मूठभर जवळा तव्यावर कोरडाच कुरकुरीत भाजून घ्या. मंद आचेवर तीन-चार मिनिटं पुरतात. तेल नको, मीठ नको. ग्लासात शिराजसारखी कोणतीही कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रेड वाइन ओता, ६० मिली पुरे. पहिला घोट नुसता घ्या, तोंडात फिरवा आणि गिळा. मग चिमूटभर जवळा सावकाश चावून खा आणि लगेच दुसरा घोट घ्या. पहिल्या घोटातला फळांचा स्वाद आता जवळपास गेलेला असतो. वाइन कडवट आणि खरखरीत लागते. काहींना तर शेवटी गंजाची, शिळ्या मासळीची चव येते. आता लिंबाच्या फोडीला मीठ लावून ती चाटा आणि तिसरा घोट घ्या. तीच वाइन पुन्हा मऊ झालेली असते, कित्येकदा पहिल्या घोटापेक्षाही जास्त.

मासळीला व्हाइट आणि मटणाला रेड हा नियम इथेच अपुरा पडतो. आपल्याकडे मासा किंवा मटण एकट्यानं ताटात येत नाही. त्याच्याबरोबर चिंच किंवा कोकम येतं, लाल तिखट येतं, ओलं खोबरं, लसूण आणि हिंगही येतो. वाइन बिघडवणारा किंवा सावरणारा जिन्नस बहुतेक वेळा या मंडळींतला असतो. त्यामुळे बाटली निवडताना मटण की मासा यापेक्षा कालवणात आंबट काय आहे, तिखट किती आहे आणि सुकी मासळी आहे का, हे आधी पाहावं.

वरच्या प्रयोगात काय घडलं ते पाहू. रेड वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेली टॅनिन असतात. लाळेत काही प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे तोंड ओलसर आणि गुळगुळीत राहतं. टॅनिन या प्रथिनांना धरून त्यांच्या गुठळ्या करतात, मग वंगण कमी पडतं आणि जीभ टाळूला घासल्यासारखी वाटते. तोच तुरटपणा. जवळ्यात भरपूर असते ती उमामी, म्हणजे मटणाच्या रश्शासारखी खोल, रुचकर चव. मासळीत इनोसिनेट नावाचं द्रव्य असतं, आणि सुकवताना पाणी निघून गेल्यामुळे सगळ्या चवी दाट होतात. टोमॅटोत ग्लुटामेट असतं. ही दोन द्रव्यं एकत्र आली की उमामीची बेरीज होत नाही, ती कित्येक पटींनी वाढते. म्हणून टोमॅटो घातलेली सुकट इतकी चविष्ट लागते आणि वाइनला इतकी जड जाते. उमामीनंतर वाइनमधला कडूपणा आणि तुरटपणा जास्त जाणवतो, फळ आणि गोडवा मागे पडतात. मीठ आणि आंबट याच्या उलट करतात. मिठातलं सोडियम कडू चव दाबतं. कारल्याला मीठ चोळून ठेवण्यामागे हेही एक कारण आहे. आणि आंबटानंतर वाइनमधलं आम्ल सौम्य लागतं.

गंजाच्या चवीचं कारण वेगळं आहे. २००९ मध्ये जपानमधल्या मर्शियन या वाइन कंपनीच्या संशोधकांनी वेगवेगळ्या वाइन सुकवलेल्या स्कॅलॉपसोबत चाखून पाहिल्या. हा तिसऱ्यांच्या जातकुळीतला शिंपला. मासळकट वास कुठे येतो आणि कुठे नाही, याची नोंद त्यांनी ठेवली. दोष वाइनच्या रंगाचा नव्हता. दोष होता वाइनमध्ये अगदी थोड्या प्रमाणात विरघळलेल्या लोहाचा. लिटरला २ मिलिग्रॅमच्या वर लोह असलं की वास ठळकपणे येई. लोह बांधून ठेवणारं द्रव्य वाइनमध्ये मिसळलं की तो कमी होई. मासळीतल्या स्निग्धाम्लांचं हवेमुळे आधीच थोडंफार ऑक्सिडीकरण झालेलं असतं. लोह त्यांचं विघटन घडवून वास देणारी नवी द्रव्यं क्षणात तयार करतं. हे सगळं तोंडातच होतं, म्हणून बाटली हुंगून काही कळत नाही. बाटलीवर लोहाचं प्रमाण छापलेलं नसतं. रेड वाइनमध्ये ते जास्त सापडतं, पण काही रेडमध्ये अगदी कमी असतं आणि काही व्हाइटमध्येही जास्त असू शकतं. मासळीसोबत एखादी रेड छान लागते आणि दुसरी अजिबात चालत नाही, त्याचं हे एक कारण.

यातून आपल्या मासळीचा क्रम लावता येतो. ताजा पापलेट किंवा ताजी कोळंबी सर्वांत सोपी. बांगडा आणि तारली तेलकट, त्यांची स्निग्धाम्लं लवकर बिघडतात, म्हणून जरा अवघड. सुका बोंबील, सोडे आणि जवळा सर्वांत अवघड, कारण उन्हावाऱ्यात सुकताना ऑक्सिडीकरण झालेलंच असतं आणि उमामीही दाटलेली असते. सुक्या बोंबलाच्या चटणीसोबत रेड घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोरडी, लाकडी पिंपात न मुरवलेली व्हाइट घ्यावी आणि चटणीवर लिंबू हात राखून न पिळता चांगलं पिळावं. लिंबाचं काम दुहेरी आहे. मासळीच्या उग्र वासातला मोठा वाटा ट्रायमिथिलअमाइनचा असतो. ते अल्कधर्मी असतं, आम्लाशी त्याचा क्षार बनतो, आणि क्षार हवेत उडत नाही. कालवणात कोकम टाकतात तेव्हा हेच घडतं. शिवाय लिंबामुळे जिभेवर आंबट आधीच बसलेलं असतं, त्यामुळे वाइन मऊ लागते.

आता तिखट. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या टीआरपीव्ही-१ या ग्राहीवर, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनावर, बसतं. हा ग्राही मुळात उष्णतेसाठी आहे. साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या वर तो मेंदूला ‘भाजलं’ असा संदेश देतो. तिखटानं तोंड भाजतं असं आपण म्हणतो ते शरीराच्या दृष्टीनं अगदी खरं आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की अल्कोहोलमुळे या ग्राहीचा उंबरठा सुमारे ४२ वरून सुमारे ३४ अंशांवर येतो. तोंडाचं तापमान त्याहून जास्तच असतं. म्हणजे मिरचीनं चेतवलेल्या जिभेवर अल्कोहोल आलं की आग भडकते, आणि वाइन जितकी कडक तितकी जास्त. कॅप्सेसिन अल्कोहोलमध्ये विरघळतं म्हणून वाइननं तिखट धुऊन निघेल, हा समज चुकीचा आहे. वाइनमध्ये ८५ टक्क्यांच्या वर पाणीच असतं.

त्यामुळे मिसळ, कोल्हापुरी रस्सा किंवा ठेच्यासोबत बाटली घेताना आधी लेबलावरचा अल्कोहोलचा आकडा वाचावा. १४ टक्क्यांची शिराज बाजूला ठेवावी, ११ ते १२ टक्क्यांची शेनिन ब्लां ही व्हाइट घ्यावी, आणि ती किंचित गोडसर असावी. कोरड्या वाइनमध्ये लिटरला ४ ग्रॅमपर्यंत साखर असते. तिखटासोबत १० ते २० ग्रॅमची हवी, कारण साखरेनं जळजळ कमी जाणवते आणि थंडाव्यानंही. नाशिकच्या शेनिन ब्लां बऱ्याचदा याच पट्ट्यात असतात, त्यामुळे मुंबईत अशी बाटली शोधायला फार फिरावं लागत नाही. मिसळीचा कट उकळता वाढू नये. वाढल्यावर पाच मिनिटं थांबलं तर उष्णता आणि मिरची या दोघांचा एकत्र मारा टळतो. सोबत दही असेल तर फारच उत्तम, कारण दुधातलं केसिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं. झणझणीत सुक्या मटणालाही जाड, तुरट रेडपेक्षा गार रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, बरी. मिरचीनं आधीच चुरचुरणाऱ्या जिभेला टॅनिनचा खरखरीतपणा दुप्पट टोचतो.

बुडबुड्यांची वाइन इथे जपून वापरावी. रव्यात घोळून तळलेल्या ओल्या बोंबलासोबत ब्रूट स्पार्कलिंग फार सुंदर लागते. तिच्यात साखर लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असते, आम्ल चांगलं असतं, आणि प्रत्येक घोटाबरोबर तेलाचा थर सुटतो. पण कार्बन डायऑक्साइड टीआरपीए-१ या दुसऱ्या ग्राहीला डिवचतो, मोहरीचा झणका देणाराही तोच ग्राही. बोंबलाला लावलेलं तिखट जहाल असेल तर बुडबुडे सुयांसारखे टोचतात. तिखट अर्ध्यावर आणावं किंवा बुडबुडे सोडून द्यावेत.

चिंचेची गोष्ट मला सगळ्यात आवडते. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक, आणि चिंचेतलंही तेच. इतर बहुतेक फळांत सायट्रिक किंवा मॅलिक आम्ल पुढे असतं, टार्टारिक इतक्या प्रमाणात क्वचितच सापडतं. चिंचेच्या गरात ते साधारण ८ ते १८ टक्के असतं. अर्धा लिटर आमटीत २५ ग्रॅम गर घातला तर २ ते साडेचार ग्रॅम आम्ल उतरतं, म्हणजे लिटरला ४ ते ९ ग्रॅम. वाइनमध्ये एकूण आम्ल लिटरला ५ ते ८ ग्रॅमच्या आसपास असतं. आमटी आणि वाइन आंबटपणात जवळजवळ समोरासमोर उभ्या राहतात. अशा आमटीपुढे कमी आम्लाची वाइन पाणचट आणि बेचव लागते. वाइन किमान पदार्थाइतकी आंबट हवी, हा नियम इथे कसोशीनं पाळावा. सॉव्हिन्यों ब्लां ही आंबटसर व्हाइट चालते. आमटीत गूळ असेल तर शेनिन जास्त बरी, कारण गुळापुढे पूर्ण कोरडी वाइन आंबट-तुरट वाटते. नारळाचं दूध घातलेलं कालवण सोपं पडतं. त्यातला स्निग्धांश आम्लाची धार बोथट करतो आणि तिखटालाही आवरतो. सोलकढी मात्र वाइनसोबत पिऊ नये. कोकमातलं हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल आणि कच्चा लसूण, दोन्ही जिभेवर रेंगाळतात. जेवण संपल्यावर, ग्लास रिकामा झाल्यावर ती घ्यावी.

एवढं सगळं जुळवूनही मुंबईत गणित चुकतं ते बाटलीच्या तापमानापाशी. ‘रेड घरातल्या तापमानाला’ हा सल्ला युरोपातल्या १६ ते १८ अंशांच्या घरांसाठी आहे. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघर ३० अंशांच्या वर असतं. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात चढतं, फळ शिजल्यासारखं लागतं आणि तिखट आणखी भडकतं. ३० अंशांवरची बाटली फ्रिजमध्ये १७ अंशांवर यायला साधारण दीड तास लागतो. ‘अर्धा तास ठेवा’ असं वाचलं असेल तर तो हिशेब आपल्या हवेचा नाही. व्हाइट ८ ते १० अंशांवर हवी, तिला चार तास द्यावेत. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवावी, वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवू नये. खड्यांमधल्या हवेमुळे बाटलीला गारवा नीट लागत नाही, पाणी मात्र काचेला सगळीकडून भिडतं. रेड मात्र १६-१७ अंशांहून गार करू नये, कारण थंडीत टॅनिन जास्त कडवट लागतात. ओतताना एका वेळी ७५ मिलीच ओतावी, नाहीतर पंख्याखाली अर्धा ग्लास कोमट होतो.

अंड्याची अडचण वेगळी. बलकातली चरबी आणि लेसिथिन जिभेवर थर धरतात, त्यामुळे वाइनची चव आत पोहोचतच नाही. इराणी हॉटेलातल्या अकुरीसारख्या मऊ अंड्याला ब्रूट स्पार्कलिंगच लागते. कांदा-टोमॅटो घातलेली कोरडी भुर्जी तुलनेनं सोपी. कारलं आणि मेथी आधीच कडू, तिथे रेड आणि लाकडी पिंपात मुरवलेली वाइन दोन्ही टाळावी.

गोडाचा नियम एकच आहे आणि तो सहसा मोडत नाही: वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट आणि पातळ लागते. उकडीच्या मोदकाबरोबर लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड, शेनिन जमते. पारी बिनगोड असते, तूप असतं, आणि गुळाचा खमंगपणा पिकल्या द्राक्षांच्या मधाळ स्वादाशी जुळतो. पुरणपोळीलाही चालते, तूप सढळ हातानं घातलं तर जास्तच. श्रीखंडाला मात्र चालत नाही. त्यात चक्क्याच्या जवळपास बरोबरीनं साखर असते आणि वर दह्याचा आंबटपणा. लिटरला १०० ग्रॅम साखर असलेली वाइन म्हणजे फक्त १० टक्के गोड, ती श्रीखंडापुढे लिंबूपाण्यासारखी लागते. त्या दिवशी बाटली पहिल्या वाढीला, बटाट्याच्या भजीसोबत संपवावी आणि श्रीखंड पुरीशीच खावं.