मोबाइल गेममधील बंद पेटी आणि तिच्यामागचा इतिहास

पैसे भरून बंद पेटी उघडायची आणि आतून काय निघेल ते नशिबावर सोडायचे, ही सोय आज बहुतेक लोकप्रिय मोबाइल गेममध्ये असते. खेळणारी मुले तिला ‘क्रेट’ म्हणतात, जगभरच्या चर्चेत ‘लूट बॉक्स’ हा शब्द रूढ आहे. हा जुगार आहे की नाही, यावर बरेच वाद झाले आहेत. मला मात्र त्याआधीचे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे वाटतात. पैसे देणाऱ्याला बक्षीस मिळण्याची शक्यता किती आहे हे कळते का, आणि ती शक्यता पाठीमागे कोणी बदलत नाही याची हमी त्याला कोण देते?

माझ्या लहानपणी परळला आमच्या चाळीखालच्या दुकानात सोरट असे. मोठ्या पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या शंभरेक घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, वरच्या बाजूला दोऱ्याने बांधलेली बक्षिसे: शिट्टी, प्लॅस्टिकचे घड्याळ, रंगीत चष्मा आणि सगळ्यांच्या मध्ये एक बॅट. पैसे द्यायचे, चिठ्ठी फाडायची आणि आतला आकडा दुकानदाराला दाखवायचा. एकदा पुठ्ठ्यावर जेमतेम दहा-बारा चिठ्ठ्या उरल्या होत्या आणि बॅट अजून लागली नव्हती, म्हणून आम्ही पोरांनी वर्गणी काढली. संध्याकाळी दुकानावर गेलो तेव्हा जुना पुठ्ठा उतरवलेला होता आणि तीच बॅट नव्या, भरलेल्या पुठ्ठ्यावर लटकत होती. आपली फसवणूक झाली हे आम्हाला तिथल्या तिथे कळले, कारण सगळा व्यवहार डोळ्यांसमोरचा होता.

पुठ्ठ्यावरची सोरट आणि मोबाइलमधली पेटी यांच्या गणितातला फरक इथेच आहे. पुठ्ठ्यावरची प्रत्येक रिकामी चिठ्ठी गेली की उरलेल्यांत बॅट असण्याची शक्यता वाढते आणि शंभराव्या चिठ्ठीपर्यंत ती निघालीच पाहिजे. पेटीत सहसा तसे नसते, कारण प्रत्येक वेळी सोडत नव्याने होते. एखादी वस्तू मिळण्याची शक्यता १ टक्का असेल, तर शंभर पेट्या उघडूनही सुमारे ३७ टक्के खेळाडूंच्या हाती ती लागत नाही आणि तीनशे पेट्यांनंतरही शंभरातले जवळजवळ पाच जण रिकाम्या हातानेच राहतात. माझ्या भाच्याने परवा विचारले, “मामा, चाळीस उघडून झाल्या, आता तर येईलच ना?” त्याच्या डोक्यात पुठ्ठाच होता. त्याने न पाहिलेल्या पुठ्ठ्याचा हिशेब माणसाच्या मनात इतका खोल बसलेला असतो, आणि पेटीची विक्री याच गैरसमजावर चालते असे माझे मत आहे.

मुंबईच्या मटक्याकडेही या दृष्टीने पाहिले पाहिजे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईत येणाऱ्या उघडत्या आणि बंद भावांच्या आकड्यांवर इथे जुगार चाले. १९६१ मध्ये ते भाव येणे थांबले, तेव्हा कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीत आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये स्वतःची सोडत सुरू केली. आधी मडक्यातून चिठ्ठ्या निघत, पुढे पत्ते आले. तीन पत्त्यांची बेरीज करायची आणि बेरजेतला शेवटचा अंक म्हणजे ओपन. तसाच पुढे क्लोज. दहा अंकांपैकी एकावर रुपया लावला आणि तो लागला तर साधारणतः नऊ रुपये मिळत, म्हणजे चालवणाऱ्याचा वाटा किती हे आकडा लावणाऱ्या गिरणी कामगारालाही तोंडपाठ होते. मटक्याने गिरणगावातले किती पगार खाल्ले हे मी जवळून पाहिले आहे आणि त्याची भलामण मला करायची नाही. पण त्या बेकायदा धंद्यातसुद्धा पत्ते लोकांदेखत काढले जातात या विश्वासाशिवाय कोणी आकडा लावला नसता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कायदा मात्र नेहमी व्याख्येच्या मागे धावत राहिला. मुंबईत छपराच्या पन्हळीतून पावसाचे पाणी वाहील की नाही यावर पैजा लागत. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात पाऊस बसेना, म्हणून १८९० मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. पुढे बंगळूरहून चालणाऱ्या शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवर मुंबई राज्याने कर आणि परवान्याची अट घातली. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात न्यायालयाने सांगितले की, जुगार हा राज्यघटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. बक्षीस कौशल्यावर मिळते की नशिबावर, ही कसोटी त्या काळापासून आपल्या न्यायालयांत पक्की झाली. मोबाइलच्या पेटीला ही कसोटी लावायला गेले की अडचण होते. पेटी उघडण्यात कौशल्य काडीचे नाही, पण आतून निघते ती गेममधल्या बंदुकीचे रंगीत आवरण (‘स्किन’) किंवा एखादा पोशाख, पैसे नव्हेत. मग ते बक्षीस मानायचे की नाही?

ही पेटी जन्माला आली ती पूर्व आशियात. जपानमध्ये नाणे टाकून दांडा फिरवला की खेळण्याची गोळी बाहेर पडणारी यंत्रे १९६० च्या दशकापासून आहेत आणि त्यांच्यावरूनच ‘गाचा’ हे नाव आले. २००४ मध्ये जपानमधल्या ‘मेपलस्टोरी’ या ऑनलाइन गेममध्ये १०० येनच्या तिकिटावर तशीच सोडत सुरू झाली. मोबाइलवर तिचा कळस झाला तो ‘कोम्पु गाचा’त: सोडतीतून ठरावीक वस्तूंचा पूर्ण संच जमवला तरच मोठे बक्षीस. यात शेवटची वस्तू सर्वांत महाग पडते. दहा वस्तूंची शक्यता समान धरली तरी संच पुरा व्हायला सरासरी २९ सोडती लागतात आणि त्यांतल्या दहा एकट्या शेवटच्या वस्तूसाठी जातात. नऊ जमलेला माणूस मागे फिरत नाही. जपानच्या ग्राहक व्यवहार यंत्रणेने मे २०१२ मध्ये हा प्रकार बेकायदा ठरवला. त्यासाठी जुगाराचा नव्हे, तर दिशाभूल करणाऱ्या बक्षिसांविरुद्धचा कायदा वापरला गेला, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

चीनने मे २०१७ पासून शक्यतांचे आकडे जाहीर करणे बंधनकारक केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या गेममधल्या अशा पेट्यांवरून पाश्चात्त्य देशांत मोठा गदारोळ उठला. डिसेंबरमध्ये अ‍ॅपलने आपल्या स्टोअरमधील गेमना आकडे दाखवण्याची अट घातली आणि २०१९ मध्ये गूगलनेही तसेच केले. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्या जुगारातच काढल्या. नेदरलँड्सनेही तोच मार्ग धरला होता, पण २०२२ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने पेटी हा स्वतंत्र खेळ नसून मोठ्या खेळाचा भाग आहे असे म्हणून एका गेम कंपनीला झालेला दंड रद्द केला.

पण जाहीर केलेला आकडा खरा आहे कशावरून? याचे उत्तर दक्षिण कोरियात मिळाले आणि ते अस्वस्थ करणारे आहे. ‘मेपलस्टोरी’त नेक्सॉन कंपनीने २०१० मध्ये ‘क्यूब’ विकायला आणले. वापरले की पात्राच्या शस्त्राचे गुण नशिबाने बदलणारी ही वस्तू. तिथल्या स्पर्धा आयोगाच्या निष्कर्षानुसार, खेळाडूंना हव्या असलेल्या गुणांची शक्यता काही महिन्यांतच गुपचूप कमी करण्यात आली आणि ऑगस्ट २०११ ते मार्च २०२१ या काळात गुणांच्या काही जोड्या निघण्याची शक्यता चक्क शून्य होती. जवळजवळ दहा वर्षे लोक न निघणाऱ्या चिठ्ठीसाठी पैसे देत राहिले. आमच्या दुकानदाराची बॅट निदान पुठ्ठ्यावर लटकत तरी होती. जानेवारी २०२४ मध्ये आयोगाने कंपनीला सुमारे १,१६४ कोटी वॉन दंड केला आणि २२ मार्च २०२४ पासून कोरियात शक्यता जाहीर करण्याची सक्ती कायद्याने झाली.

आपल्याकडे संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून पैसे किंवा अन्य लाभाच्या अपेक्षेने खेळायचे गेम, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने बंद केले आणि ‘अन्य डाव’ या संज्ञेत विकत घेतलेली आभासी नाणी आणि टोकनही धरली. ‘लूट बॉक्स’ हा शब्द त्या कायद्यात नाही आणि पेटीतल्या शक्यता जाहीर करा असे कलमही नाही. त्यामुळे मुंबईतल्या मुलाला आकडा दिसतो तो दोन परदेशी स्टोअरच्या अटीमुळे. भाच्याच्या मोबाइलवर आम्ही तो शोधला. दुकान, मग पेटीचे चित्र, मग कोपऱ्यातले तांदळाएवढे प्रश्नचिन्ह आणि त्यामागे बारीक अक्षरांतला इंग्रजी तक्ता. त्याला हवा असलेला पोशाख तक्त्याच्या अगदी वरच्या ओळीत होता आणि त्यासमोर ०.५ टक्के लिहिले होते.