खोके : पुठ्ठ्यातून कोटीत

खोक्यात बूट येतात, आंबे येतात, घर बदलताना पुस्तकं जातात. त्याच खोक्याला 'एक कोटी' हा अर्थ मुंबईच्या खंडणीच्या फोनांनी आणि बांधकामाच्या धंद्याने चिकटवला. लाखाला पेटी, कोटीला खोका. फोनवर रकमेचा उच्चार नको, एवढाच हेतू. (पेटी वाजवणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये.) त्याच्याही आधी हुंडीच्या, म्हणजे व्यापाऱ्यांतल्या पैसे देण्याच्या चिठ्ठीच्या व्यवहारात पैसे चुकते होऊन निकाली निघालेल्या हुंडीला 'खोखा' म्हणत. काहीजण कोटीचं मूळ तिथे शोधतात, पण ते ओढूनताणून वाटतं. हुंडीचा खोखा शंभराचाही असे आणि लाखाचाही.

त्यापेक्षा नोटांचा हिशेब पटतो. १९७८ साली हजाराची नोट बंद झाली आणि १९८७ मध्ये पाचशेची येईपर्यंत शंभराचीच नोट सर्वांत मोठी होती. म्हणजे कोटीला एक लाख नोटा, हजार बंडलं. खोकंच लागणार.

तरीही हा शब्द बरीच वर्षं गुन्हेगारीच्या बातम्यांत आणि सिनेमांतच राहिला. गावोगाव पोचला तो २०२२ मध्ये. जूनमधलं एकनाथ शिंदेंचं शिवसेनेतलं बंड, सुरत, गुवाहाटी, मग सत्ताबदल हे सगळ्यांना पाठ आहे. ऑगस्टच्या पावसाळी अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' सुरू केलं, म्हणजे बंडखोर आमदारांनी पैसे घेतल्याचा आरोप. यातलं 'ओके' बंडखोरांच्याच घरचं. गुवाहाटीच्या हॉटेलातून झाडी-डोंगर वाखाणणाऱ्या एका आमदाराच्या फोनमधला 'ओक्के' तोवर महाराष्ट्रभर वाजून झाला होता. विरोधकांनी त्याला फक्त यमक जोडलं.

खरी गुंतागुंत 'पन्नास'ची. बंडखोर गटही अपक्ष धरून पन्नासच्या आसपासच होता. मग पन्नास खोके माणशी की सगळ्यांत मिळून? घोषणेत ते कुठेच नाही. माणशी धरलं तर आकडा अडीच हजार कोटींवर जातो, मिळून धरलं तर एकेकाच्या वाट्याला एकच खोकं, आणि तेवढ्यावर कोण एवढा प्रवास करेल, असा प्रतिप्रश्न पारावर ऐकू यायचा. लोकांनी माणशीच धरलं. पन्नास कोटी पाचशेच्या नोटांत मोजले तर दहा लाख नोटा होतात, वजन टनाच्या घरात. खोकं कसलं, टेम्पोच सांगावा लागेल. व्याकरणाचीही तीच तऱ्हा. पुठ्ठ्याचं ते खोकं, त्याचं अनेकवचन खोकी. घोषणेत 'खोके' आहे, म्हणजे तो धंद्यातला पुल्लिंगी 'खोका'. पुठ्ठ्याशी त्याचा काही संबंध उरलेला नाही, हे घोषणा देणाऱ्यांच्या तोंडातल्या मात्रेवरूनच कळतं.

आरोप बंडखोरांनी फेटाळला आणि तो सिद्धही झालेला नाही. पण यमकाला पुरावा लागत नाही. २४ ऑगस्टला सत्ताधाऱ्यांनीही त्याच पायऱ्यांवर जुन्या सत्ताधाऱ्यांच्या खोक्यांचे फलक धरले आणि प्रकरण धक्काबुक्कीवर गेलं. दोनच दिवसांनी पोळा होता. काही गावांत बैलांच्या पाठीवर ही घोषणा रंगवलेली दिसली. उद्धव ठाकरेंच्या दसऱ्याच्या मेळाव्यात रावणाचा 'खोकासुर' झाला. ऑक्टोबरअखेर सरकारच्याच बाजूच्या एका आमदाराने दुसऱ्यावर खोक्यांचा आरोप केला. वरच्यांना मध्यस्थी करावी लागली आणि शब्द मागे घेतले गेले. विरोधकांनी वर्षभर ओरडून जे साधलं नसतं, ते या भांडणाने आठवड्याभरात केलं.

एप्रिल २०२३ मध्ये एका तरुण रॅपरवर खोक्यांच्या गाण्यावरून अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. तक्रार सत्ताधारी गोटातल्या पदाधिकाऱ्याची होती. गाण्यात कुणाचं नाव नव्हतं, पक्षही नव्हता. मग हे गाणं आपल्याच नेत्यांवर आहे हे तक्रारदाराला कळलं कसं, हा प्रश्न विरोधकांनी पुढे बरेच दिवस चघळला.