देवेंद्र फडणवीस : विधानसभा निवडणुकांची नोंद (१९९९–२०२४)

देवेंद्र गंगाधरराव फडणवीस (जन्म २२ जुलै १९७०, नागपूर) हे महाराष्ट्र विधानसभेतील भारतीय जनता पक्षाचे सदस्य. १९९९ ते २०२४ या काळातल्या सहाही सार्वत्रिक निवडणुका त्यांनी नागपूर शहरातून लढवल्या आणि जिंकल्या. पहिल्या दोन नागपूर पश्चिममधून, पुढच्या चार नागपूर दक्षिण-पश्चिममधून. सहा निकाल एका रांगेत मांडून मताधिक्य वाढले की घटले एवढेच सांगायची वर्तमानपत्री रीत इथे फसते, कारण मध्येच मतदारसंघ बदलला, समोरची आघाडी कधी फुटली, कधी जुळली, आणि मतदारयादीही वाढत गेली.

विधानसभेपूर्वी

वडील गंगाधरराव फडणवीस नागपूर पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर होते. काकू शोभाताई फडणवीस चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीच्या आमदार आणि १९९५च्या शिवसेना-भाजप युती सरकारात मंत्री. स्वतः देवेंद्र फडणवीस अभाविप (अखिल भारतीय विद्यार्थी परिषद) आणि भाजयुमो (भारतीय जनता युवा मोर्चा) यांतून पुढे आले. १९९२ मध्ये रामनगरचे नगरसेवक आणि १९९७ मध्ये नागपूरचे आजवरचे सर्वांत तरुण महापौर झाले. महापौराची निवड नगरसेवक करतात, थेट मतदार नव्हे; त्यामुळे ते पद या नोंदीतल्या आकड्यांत धरायचे नाही.

१९९० आणि १९९५ मध्ये नागपूर पश्चिमची जागा भाजपच्याच विनोद गुडधे पाटील यांनी जिंकली होती. १९९९ मध्ये तिथून उमेदवारी फडणवीसांना मिळाली. म्हणजे पहिली निवडणूक त्यांनी पक्षाकडे असलेल्या जागेवर लढवली, विरोधकाकडून हिसकावून घेतलेल्या नव्हे.

सहा निकाल

| वर्ष | मतदारसंघ | फडणवीस | दुसऱ्या क्रमांकाचे (काँग्रेस) | मताधिक्य | दोघांतला वाटा |
|---|---|---|---|---|---|
| १९९९ | नागपूर पश्चिम | ९४,८५३ | अशोक धवड ८५,७६६ | ९,०८७ | ५२.५% |
| २००४ | नागपूर पश्चिम | १,१३,१४३ | रणजित देशमुख ९५,५३३ | १७,६१० | ५४.२% |
| २००९ | नागपूर दक्षिण-पश्चिम | ८९,२५८ | विकास ठाकरे ६१,४८३ | २७,७७५ | ५९.२% |
| २०१४ | नागपूर दक्षिण-पश्चिम | १,१३,९१८ | प्रफुल्ल गुडधे ५४,९७६ | ५८,९४२ | ६७.४% |
| २०१९ | नागपूर दक्षिण-पश्चिम | १,०९,२३७ | आशिष देशमुख ५९,८९३ | ४९,३४४ | ६४.६% |
| २०२४ | नागपूर दक्षिण-पश्चिम | १,२९,४०१ | प्रफुल्ल गुडधे ८९,६९१ | ३९,७१० | ५९.१% |

शेवटच्या रकान्यात पहिल्या दोन उमेदवारांच्या मतांची बेरीज करून त्यातला फडणवीसांचा हिस्सा काढला आहे. एकूण वैध मतांतली टक्केवारी ही नव्हे. तिसऱ्या-चौथ्या उमेदवाराची मते त्यात येत नाहीत, म्हणून ती एकूण टक्केवारीपेक्षा नेहमी जास्त दिसते.

मतदारसंघ कुठे बदलला

मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखणाऱ्या २००८च्या पुनर्रचनेपूर्वी नागपूर शहरात पाच जागा होत्या: पूर्व, पश्चिम, मध्य, दक्षिण आणि उत्तर. २००१च्या जनगणनेवर आधारलेल्या पुनर्रचनेत सहावी आली ती दक्षिण-पश्चिम, क्रमांक ५२. या सहा जागा मिळून नागपूर लोकसभा मतदारसंघ होतो. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामला, जयताळा, लक्ष्मीनगर, सोनेगाव, अजनी अशा वस्त्या दक्षिण-पश्चिममध्ये येतात. दीक्षाभूमीही याच भागात.

२००४ मधली १,१३,१४३ मते २००९ मध्ये ८९,२५८ वर आली. हा आकडा पाहून पाठिंबा घटला असे कोणी लिहिले तर ते चूक आहे. जुन्या पश्चिममध्ये पहिल्या दोघांनाच मिळून २,०८,६७६ मते होती. नव्या जागेत १,५०,७४१. मतदारसंघच आटला होता. त्याच निवडणुकीत मताधिक्य मात्र दहा हजारांनी वाढले.

दुसरी नेहमीची चूक नावामुळे होते. आजचे नागपूर पश्चिम (क्रमांक ५६) म्हणजे १९९९चे नागपूर पश्चिम नव्हे. आजच्या पश्चिममध्ये २०१९ आणि २०२४ मध्ये काँग्रेसचे विकास ठाकरे निवडून आले. त्यावरून ‘फडणवीसांचा जुना गड गेला’ असे म्हणणे अर्धेच खरे, कारण जुन्या पश्चिमच्या वस्त्या दोन्हीकडे वाटल्या गेल्या. ‘दक्षिण-पश्चिमचे सहा वेळचे आमदार’ हेही बरेचदा छापून येते. खरा आकडा चार.

समोरचे उमेदवार

सहाही वेळा दुसऱ्या क्रमांकावर काँग्रेसच राहिली, पण नावे पाहिली की नागपूरच्या राजकारणातली घराणी दिसतात. २००४ मध्ये समोर होते प्रदेशाध्यक्षपद भूषवलेले रणजित देशमुख. पंधरा वर्षांनी त्यांचे चिरंजीव आशिष देशमुख उभे राहिले. ते २०१४ मध्ये काटोलमधून भाजपच्या तिकिटावर, काका अनिल देशमुख यांना हरवून आमदार झाले होते. २०१८ मध्ये राजीनामा देऊन काँग्रेसमध्ये गेले, पुढे भाजपमध्ये परतले आणि २०२४ मध्ये सावनेरहून निवडून आले. प्रफुल्ल गुडधे हे विनोद गुडधे पाटलांचे पुत्र, म्हणजे फडणवीसांच्या आधी ज्यांनी जुनी पश्चिमची जागा राखली त्यांचे. २०१४ आणि २०२४ असे दोनदा फडणवीसांशी लढलेले तेच एकटे.

दोनदा तोच उमेदवार, तोच मतदारसंघ, तेच दोन पक्ष असल्याने ही जोडी तुलनेला सर्वांत सोयीची आहे. २०१४ मध्ये गुडधेंना ५४,९७६ मते होती, २०२४ मध्ये ८९,६९१. मात्र २०१४ची लढत वेगळ्या मांडणीची होती: सप्टेंबरअखेर भाजप-शिवसेना युती तुटली आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीही तुटली, त्यामुळे शिवसेना आणि राष्ट्रवादी दोघे वेगळे लढले. २०२४ मध्ये काँग्रेसच्या मागे महाविकास आघाडी होती. गुडधेंच्या वाढीतली किती मते मित्रपक्षांची आणि किती त्यांची स्वतःची, हे या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही.

मताधिक्य कसे वाचावे

२०१४ मध्ये मताधिक्य ५८,९४२, मग ४९,३४४, मग ३९,७१०. दोन टप्प्यांत जवळपास सारखीच घट, पण कारणे निराळी. २०१९ मध्ये फडणवीसांची मते ४,६८१ ने कमी झाली आणि काँग्रेसची ४,९१७ ने वाढली. दोघांची बेरीज जवळपास होती तिथेच राहिली. २०२४ मध्ये दोघांचीही मते वाढली: फडणवीसांची २०,१६४, काँग्रेसची २९,७९८. आयुष्यातली सर्वाधिक मते त्यांना २०२४ मध्ये पडली आणि त्याच वेळी दोघांतला त्यांचा वाटा २००९च्या पातळीवर आला. दोन्ही विधाने खरी आहेत. एकच सांगून दुसरे दडवणारा मजकूर वाचताना सावध राहावे.

बसपा (बहुजन समाज पक्ष) आणि पुढे वंचित बहुजन आघाडी यांचे उमेदवारही या जागेवर उभे असतात. मताधिक्याच्या आकड्यात ते दिसत नाहीत, म्हणून तिसऱ्या क्रमांकाची मते न पाहता ‘सरळ लढत’ हा शब्द वापरू नये.

अर्ज आणि शपथपत्र

विधानसभेचा अर्ज नमुना २-ब मध्ये, सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत द्यावा लागतो. एका उमेदवाराला जास्तीत जास्त चार संच देता येतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवणारा मतदार) पुरतो. इतरांना दहा लागतात. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना ५,०००. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न पडल्यास ती जप्त होते. हा हिशोब करताना नोटाची (‘यांपैकी कोणीही नाही’ या पर्यायाची) मते वैध मतांत धरत नाहीत. मिरवणूक कितीही मोठी असो, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीपासून शंभर मीटरच्या आत तीनच गाड्या आणि दालनात उमेदवारासह पाचच माणसे.

अर्जासोबत जोडायचे नमुना २६ मधले शपथपत्र हा खरा नाजूक भाग. मालमत्ता, कर्जे, शिक्षण, प्रलंबित फौजदारी प्रकरणे, आणि २०१९पासून पाच वर्षांचे प्राप्तिकर विवरणातले उत्पन्न त्यात येते. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. माहिती नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानंतर, अधिकाऱ्याने आठवण देऊनही रकाने कोरे राहिले तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. छाननीच्या दिवशी वकील आधी हेच पाहतात.

फडणवीसांच्या नोंदीतले सर्वांत गाजलेले प्रकरण याच कागदाचे. २०१४च्या शपथपत्रात १९९६ आणि १९९८ मधल्या दोन प्रकरणांचा उल्लेख नव्हता, अशी तक्रार नागपूरच्या न्यायालयात झाली. वाद असा होता: ज्या प्रकरणात आरोप निश्चित झाले आहेत तेवढेच सांगायचे, की न्यायालयाने नुसती दखल घेतलेलेही? मुंबई उच्च न्यायालयात २०१८ मध्ये निकाल फडणवीसांच्या बाजूने लागला. १ ऑक्टोबर २०१९ रोजी, म्हणजे मतदानाला तीन आठवडे असताना, सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि दखल घेतलेली प्रकरणेही सांगावी लागतात असे स्पष्ट करून खटला नागपूरला परत पाठवला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली चाललेल्या या खटल्यात ८ सप्टेंबर २०२३ रोजी नागपूरच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यांची निर्दोष मुक्तता केली. या कलमाखाली कमाल शिक्षा सहा महिने कैद, दंड किंवा दोन्ही.

मतमोजणी आणि नमुना २०

आमदाराच्या निवडणुकीचा आधारभूत कागद म्हणजे नमुना २०, अंतिम निकालपत्रक. प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते, नोटा किती, हे त्यात एकेका ओळीत असते, आणि टपाली मते शेवटी वेगळी. कोणत्या वस्तीने कोणाला साथ दिली हे पाहायचे तर हाच कागद घ्यावा आणि केंद्रांच्या यादीशी जुळवावा. दोन निवडणुकांचे नमुना २० समोरासमोर ठेवताना केंद्रांचे क्रमांक बदललेले असतात. क्रमांकावरून नव्हे, शाळेच्या किंवा इमारतीच्या नावावरून जोडी लावायची. केंद्र फुटून दोन झाले असेल तर दोघांची बेरीज करायची.

मोजणी साधारणतः १४ टेबलांवर होते, म्हणजे एका फेरीत १४ केंद्रे. सकाळी ८ वाजता टपाली मते, अर्ध्या तासाने यंत्रे. ‘पाचव्या फेरीअखेर इतक्यांची आघाडी’ म्हणजे सत्तर केंद्रांची गोष्ट. मोजणी केंद्रांच्या क्रमाने होत असल्याने सुरुवातीच्या फेऱ्यांत मतदारसंघाचा एकच भाग दिसतो. शेवटी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट पावत्या (मत कोणाला गेले हे दाखवणाऱ्या छापील चिठ्ठ्या) मोजतात. संध्याकाळी वाहिन्यांवर दिसलेला आणि नमुना २० मधला आकडा शे-दोनशेने वेगळा निघतो तो बहुधा टपाली मतांमुळे.

२०२४च्या यादीचा वाद

जून २०२५ मध्ये राहुल गांधी यांनी दक्षिण-पश्चिमची मतदारयादी लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांच्या मधल्या पाच महिन्यांत ८ टक्क्यांनी वाढल्याचा आरोप केला. शेजारच्या पश्चिम आणि उत्तर नागपुरातही यादी जवळपास तशीच वाढली आणि तिथे काँग्रेसच जिंकली, असे उत्तर फडणवीसांनी दिले. वाढ तपासायची तर एक गोष्ट ध्यानात हवी: ऑगस्ट २०२२पासून नावनोंदणीसाठी वर्षाला एक नव्हे, चार अर्हता दिनांक, म्हणजे १८ वर्षे पूर्ण असल्याचे ज्या दिवशी पाहतात ते दिवस, आहेत (१ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर). त्यामुळे जुन्या काळातली दोन निवडणुकांमधली वाढ आणि आताची वाढ थेट ताडून पाहता येत नाही. शिवाय नुसती निव्वळ वाढ पुरेशी नाही. नव्याने आलेली आणि वगळलेली नावे वेगवेगळी पाहावी लागतात.

पदे

प्रदेशाध्यक्ष (२०१३–२०१५), ३१ ऑक्टोबर २०१४ ते नोव्हेंबर २०१९ मुख्यमंत्री, वसंतराव नाईकांनंतर सलग पाच वर्षांची मुदत पुरी करणारे दुसरे, २३ नोव्हेंबर २०१९ रोजी सकाळी पुन्हा शपथ आणि २६ला राजीनामा, १ डिसेंबर २०१९पासून विरोधी पक्षनेते, ३० जून २०२२पासून उपमुख्यमंत्री, ५ डिसेंबर २०२४पासून पुन्हा मुख्यमंत्री. यातल्या प्रत्येक टप्प्यावर विधानसभेतली जागा मात्र एकच, क्रमांक ५२ची.

खर्च आणि याचिका

उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा २०१४ आणि २०१९ मध्ये २८ लाख रुपये होती, २०२४ मध्ये ४० लाख. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. न दिल्यास तीन वर्षांची अपात्रता ओढवू शकते. निकालाला आव्हान द्यायचे तर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका, नागपूरच्या जागांसाठी नागपूर खंडपीठात, २,००० रुपये अनामतीसह. प्रतींवर याचिकाकर्त्याची साक्षांकित सही नसणे, आवश्यक प्रतिवादी न जोडणे, अनामत न भरणे अशा त्रुटींवर याचिका गुणदोषांत न शिरताच निकालात निघतात. ४५ दिवसांत याचिका आली नाही, तर सीलबंद ठेवलेली यंत्रे पुढच्या निवडणुकीसाठी मोकळी होतात.