पानाच्या टोकाशी हरवलेली फाइल

कालपर्यंत दिसणारी फाइल आज फोल्डरच्या यादीत नसली, की आपण लगेच व्हायरसवर आळ घेतो. पण फाइल डिस्कवर जागच्या जागी असते आणि यादी करणारा कोडच एक घर चुकतो, असंही घडतं. ही चूक मला फार शिकवणारी वाटते.

बीटीआरएफएस, एक्सएफएस यांसारख्या फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल कशा ठेवायच्या ते सांभाळणाऱ्या व्यवस्था, फाइलींच्या नोंदी बी-ट्री नावाच्या झाडासारख्या रचनेत ठेवतात. ही रचना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांची. बोइंगमध्ये असताना त्यांनी ती मांडली, शोधनिबंध 1972 मध्ये छापून आला. हे झाड उलटं असतं: मूळ वर, पानं खाली. एका गाठीला, म्हणजे फांद्या फुटतात त्या जागेला, 300 फांद्या धरल्या, तर तीनच पायऱ्यांत 2 कोटी 70 लाख नोंदींपर्यंत पोचता येतं.

नोंदी पानांवर चढत्या क्रमाने असतात. समजा, एका पानावर 200 नोंदी आहेत, शेवटचा क्रमांक 480. पुढचं पान 510 पासून सुरू होतं. यादी करणारा कोड 480 वाचून थांबला. पुन्हा सुरू करताना तो विचारतो, "481 किंवा त्यानंतरची पहिली नोंद द्या." 481 हा 510 पेक्षा लहान, म्हणून झाड त्याला पहिल्याच पानावर उतरवतं. तिथला बायनरी सर्च (दर वेळी यादी निम्मी करत शोधण्याची पद्धत) सांगतो, 481 ची जागा 480 च्या पुढे, म्हणजे पानावरच्या नोंदींच्या घरांपैकी घर क्रमांक 200. पण मोजणी शून्यापासून असल्याने घरं 0 ते 199 एवढीच! 200 हे उत्तर चूक नाही. 'या पानापलीकडे पाहा' असा त्याचा अर्थ. कोडने ते घर तसंच वाचलं, तर जुने निरर्थक बाइट हाती येतात. 'नोंदी संपल्या' असं मानलं, तर 510 पासूनच्या सगळ्या फाइल यादीतून गळतात.

थांबा नेमका पानाच्या शेवटच्या नोंदीवर आला तरच हे घडतं, म्हणून साध्या चाचण्यांत ही चूक महिनोन्‌महिने निसटू शकते.

दुरुस्ती दोनतीन ओळींची: मिळालेलं घर नोंदींच्या संख्येइतकं असेल, तर वाचण्याआधी पुढच्या पानावर जा. ही तपासणी वाचनाच्या आधीच हवी. झाडाच्या अगदी शेवटच्या पानाला मात्र पुढचं पान नसतं. तिथे 'संपलं' हेच खरं उत्तर. म्हणून चाचणीत थांबा दोन ठिकाणी मुद्दाम आणावा: मधल्या पानाच्या टोकाशी आणि शेवटच्या पानाच्या टोकाशी.