टॉवरला भ्यायचं आणि वेल्डिंगकडे बघायचं

गच्चीवर मोबाइल टॉवर नको म्हणून सोसायटीत सह्या गोळा होतात. त्याच सोसायटीच्या गेटवर ग्रिलचं वेल्डिंग चालू असतं, तेव्हा मात्र पोरं घोळका करून बघत उभी असतात. आपली भीती चुकीच्या पत्त्यावर जाते ती अशी.

खरा प्रश्न एकेका फोटॉनच्या (किरणांतल्या ऊर्जेच्या एकेका पुडक्याच्या) ऊर्जेचा आहे. अणूतला इलेक्ट्रॉन उडवायला साधारण 10 इलेक्ट्रॉन व्होल्ट (ऊर्जेचं अगदी छोटं एकक) लागतात. कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूच्या गॅमा फोटॉनकडे दहा लाखांहून जास्त असतात, म्हणून ते प्रारण (रेडिएशन) आयनीकारी, म्हणजे अणूतला इलेक्ट्रॉन उडवणारं. मोबाइल लहरींच्या फोटॉनकडे एका इलेक्ट्रॉन व्होल्टचा हजारावा हिस्साही नसतो.

वेल्डिंगमधली अतिनील किरणं या दोहोंच्या मध्ये येतात. त्यांची गणना अनायनीकारी प्रारणात होते खरी, पण डीएनएतले बंध बिघडवायला चार-पाच इलेक्ट्रॉन व्होल्टही पुरतात. उघड्या डोळ्यांनी आर्क, म्हणजे वेल्डिंगचा लखलखाट, पाहिला तर त्या क्षणी काहीच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं आणि पाणी थांबत नाही. कारागीर बटाट्याच्या चकत्या ठेवून रात्र काढतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पोळलेला असतो. दोनेक दिवसांत तो बरा होतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही. काळ्या काचेची शील्ड वेल्डरच्या हातात. अँगल धरून बसलेला हेल्पर नुसतं तोंड फिरवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगच्या अतिनील किरणांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करतात हे नक्की असलेल्यांत, टाकलं, हे त्याला कोण सांगणार?

एक्स-रे विभागात तरी शिस्त असते. तंत्रज्ञाच्या छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत, टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेलं प्रारण नोंदवणारा बिल्ला, असतो (टेबलाच्या खणात पडून असला तर उपयोग शून्य). त्यातलं कॅल्शियम सल्फेट किरणांची ऊर्जा साठवतं आणि प्रयोगशाळेत तापवल्यावर ती प्रकाशरूपात सोडतं. त्यावरून डोस कळतो. भारतात कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या डोसचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात 30.

ही शिस्त एकदा सुटली की काय होतं, ते 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात दिसलं. दिल्ली विद्यापीठाने वर्षानुवर्षं बंद पडलेलं गॅमा यंत्र लिलावात काढलं. भंगारवाल्यांनी शिशाचं कवच उतरवलं आणि आतला कोबाल्ट-60 कापला. अनेकांना किरणबाधा झाली, एक जण दगावला. कापताना ना वास आला, ना चटका बसला. कातडी काळी पडू लागल्यावर माणसं दवाखान्यात गेली, आणि त्यानंतर कुठे मोजयंत्र घेऊन तज्ज्ञ त्या गल्लीत पोहोचले.